‘मनीबॉल’च्या आधीचा मनीबॉल : ब्रँच रिकीची गोष्ट

ब्रॅड पिटचा ‘मनीबॉल’ हा सिनेमा तुम्ही पाहिला असेल. नसेल पाहिला तर थोडक्यात सांगतो. २००२ सालचा ओकलंड ॲथलेटिक्स हा बेसबॉलचा गरीब संघ. मोठे स्टार परवडत नाहीत, म्हणून कम्प्युटरवरचे आकडे बघून बाकीच्यांनी बाजूला टाकलेले खेळाडू स्वस्तात उचलायचे आणि श्रीमंत संघांना घाम फोडायचा. सिनेमा बघताना वाटतं, ही डेटाच्या जमान्यातली आयडिया आहे. पण तिचा गाभा १९५४ सालीच ‘लाइफ’ या अमेरिकी मासिकात फॉर्म्युल्यासकट छापून आला होता. लेख लिहिणाऱ्याचं नाव ब्रँच रिकी, आणि तेव्हा त्याचं वय होतं ७२.

फॅन्टसी ॲपवर टीम बनवताना तुम्ही जे करता, तेच रिकीने आयुष्यभर केलं. क्रेडिट ठरलेले, मोठी नावं महाग, मग एखादा असा खेळाडू शोधायचा ज्याची किंमत अजून कोणाला कळलेली नाही. फरक इतकाच की रिकीच्या यादीत खरी माणसं होती. कोणाला ठेवायचं, कोणाला विकायचं, कोणाला गावी परत पाठवायचं हे तो ठरवायचा. म्हणून त्याची गोष्ट नुसत्या हुशारीची नाही.

खेळाडू म्हणून सपशेल फेल

रिकीचा जन्म २० डिसेंबर १८८१ चा, ओहायो राज्यातल्या एका धार्मिक मेथडिस्ट शेतकरी घरात. रविवारी मैदानात उतरायचं नाही हा नेम त्याने खेळाडू असताना पाळला आणि पुढे मॅनेजर झाल्यावरही. रविवारी तिकिटं सगळ्यात जास्त खपायची, त्यामुळे मालकांना हे किती आवडलं असेल याचा अंदाज करा.

तो कॅचर होता, म्हणजे आपल्या विकेटकीपरच्या जागेवरचा माणूस. बेसबॉलमध्ये धावणारा खेळाडू संधी साधून पुढचा बेस ‘चोरतो’ आणि कॅचरने चेंडू फेकून त्याला अडवायचं असतं. २८ जून १९०७ ला रिकीचा खांदा दुखत होता. त्या एका मॅचमध्ये वॉशिंग्टनच्या संघाने त्याच्यासमोर १३ बेस चोरले. हा नकोसा विक्रम आजही त्याच्या नावावर आहे.

पुढे त्याला क्षयरोग झाला. बरा झाल्यावर त्याने मिशिगन विद्यापीठातून वकिलीची पदवी घेतली आणि तिथल्याच बेसबॉल संघाला शिकवलं. १९१३ मध्ये तो सेंट लुईस ब्राउन्सच्या ऑफिसात आला आणि १९१७ मध्ये त्याच शहरातल्या दुसऱ्या संघात, कार्डिनल्समध्ये. खरी गोष्ट इथून सुरू होते.

पैसे नसलेला संघ

तेव्हा टीव्हीचे हक्क वगैरे काही नव्हतं. संघाची कमाई मुख्यतः तिकिटांची. न्यूयॉर्कमध्ये तिकीट घेणारे लाखो लोक. सेंट लुईस त्यामानाने लहान, आणि त्यातही दोन संघ वाटेकरी. १९१९ मध्ये कार्डिनल्सकडे सरावासाठी दक्षिणेत जायलाही पैसे नव्हते, सराव घरच्याच शहरात उरकला. ऑफिस बरं दिसावं म्हणून रिकीने स्वतःच्या घरातला गालिचा आणून टाकल्याचं सांगतात.

अडचण नुसती गरिबीची नव्हती. रिकीची नजर चांगली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. मेजर लीगच्या खालच्या छोट्या लीगमध्ये तो एखादा पोरगा हेरायचा, किंमत विचारायचा. त्या छोट्या संघाचा मालक लगेच न्यूयॉर्कच्या एखाद्या श्रीमंत संघाला कळवायचा की रिकीला हा हवाय. श्रीमंत संघ जास्त पैसे देऊन पोरगा घेऊन जायचा. म्हणजे स्काउटिंगची मेहनत रिकीची आणि फायदा दुसऱ्याचा!

यावर त्याने जो उपाय काढला त्याने बेसबॉलचा धंदाच बदलला. खेळाडू विकत घेणं परवडत नाही ना, मग खेळाडू तयार होतात ते संघच विकत घ्यायचे. ह्यूस्टन, फोर्ट स्मिथ अशा छोट्या संघांत कार्डिनल्सने हिस्सा घ्यायला सुरुवात केली. मालक सॅम ब्रेडनने जुनं लाकडी मैदान विकलं, संघ ब्राउन्सच्या मैदानावर भाड्याने खेळू लागला आणि हाती आलेला पैसा या कामाला लागला. गावोगावी खुल्या चाचण्या घेऊन मुलं गोळा करायची, अगदी खालच्या लीगमध्ये टाकायची, चांगला निघाला की एक पायरी वर. याला नाव पडलं फार्म सिस्टीम, म्हणजे खेळाडूंची शेतीच. १९३० चं दशक संपेपर्यंत कार्डिनल्सच्या ताब्यात तीसहून जास्त संघ आणि शेकडो खेळाडू होते.

यामागचं गणित साधं आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो, रिकीचाही चुकायचा. मग एका मुलावर मोठी रक्कम लावण्यापेक्षा शंभरांवर थोडी थोडी लावायची आणि कोण वर येतो ते बघायचं. चाचणीत तो पळण्याचा वेग आणि फेकीची ताकद आधी बघायचा, कारण या दोन गोष्टी फारशा शिकवता येत नाहीत असं त्याचं मत. बाकीचं शिकवू.

या शेतीची सगळ्यात मोठी कमाई म्हणजे स्टॅन म्युझियल. तो आला होता पिचर, म्हणजे गोलंदाज म्हणून. १९४० मध्ये खालच्या लीगमध्ये खेळताना त्याचा खांदा दुखावला. दुसरीकडे कदाचित त्याचं करिअर तिथेच संपलं असतं. इथे त्याला फलंदाज म्हणून पुन्हा उभं राहायला जागा मिळाली, आणि त्याने कारकिर्दीत ३,६३० हिट मारले. १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ अशा चार वेळा कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, तीही त्या शहराच्या कमाईवर.

हिशेबाची दुसरी बाजू

आता ज्या गोष्टी सिनेमात येत नाहीत त्या बघू. तेव्हाच्या करारांमध्ये असं कलम असायचं की खेळाडू संघ सोडून जाऊच शकत नाही. संघ विकेल किंवा सोडेल तेव्हाच सुटका. त्यामुळे कार्डिनल्सच्या शेतीत असे कितीतरी खेळाडू अडकले जे दुसऱ्या संघात मेजर लीग खेळले असते, पण इथे त्यांच्या पुढे रांग होती. पगार तुटपुंजे. बेसबॉलचा सर्वोच्च अधिकारी न्यायमूर्ती लँडिस याला ही पद्धत मुळीच पटत नव्हती. १९३८ मध्ये नियमभंगाचं कारण देऊन त्याने कार्डिनल्सचे सत्तरहून जास्त खेळाडू एका फटक्यात मोकळे केले.

विक्रीचंही तसंच. रिकीचा ठाम नियम होता: खेळाडू उतरणीला लागल्यावर विकायचा नाही, त्याच्या एक वर्ष आधी विकायचा. डिझी डीन हा कार्डिनल्सचा लाडका पिचर. १९३७ मध्ये त्याच्या पायाच्या बोटाला चेंडू लागला, तो लंगडत खेळला, फेकण्याची पद्धत बदलली आणि हात गेला. १९३८ च्या एप्रिलमध्ये रिकीने त्याला शिकागो कब्जला दिलं आणि बदल्यात १,८५,००० डॉलर आणि तीन खेळाडू घेतले. डीनने कार्डिनल्ससाठी १३४ सामने जिंकले होते, कब्जसाठी १६. सौदा म्हणून अचूक. आणि हेही सांगायला हवं की खेळाडूंच्या विक्रीतून रिकीला करारानुसार स्वतःचा वाटा मिळायचा. मला वाटतं, त्याच्या चाणाक्षपणाचं कौतुक करताना हा तपशील विसरू नये.

पेन्सिलवाला डेटा ॲनालिस्ट

१९४२ च्या शेवटी रिकी ब्रुकलिन डॉजर्समध्ये गेला. हा काही गरीब संघ नव्हता, पण सवय कुठे सुटते? १९४७ मध्ये त्याने मॉन्ट्रियलच्या ॲलन रॉथला फक्त आकडे ठेवण्यासाठी नोकरीवर घेतलं. रॉथ प्रत्येक चेंडूची नोंद करायचा. कुठे मारला, डावखुऱ्या पिचरसमोर काय झालं, कोणत्या परिस्थितीत काय झालं, सगळं हाताने लिहून.

रॉथ आणि रिकीचा मोठा शोध समजायला एक उदाहरण घेऊ. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू पट्ट्याबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला म्हणतात वॉक. जुन्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये वॉक मोजतच नाहीत. समजा ‘अ’ ने ५०० संधींत १५० हिट मारले आणि त्याशिवाय २० वॉक मिळवले. ‘ब’ ने ५०० संधींत १३५ हिट मारले, पण वॉक ९०. ॲव्हरेज बघितलं तर ‘अ’ ०.३०० आणि ‘ब’ ०.२७०. पेपरात फोटो ‘अ’ चा येणार, पगारही त्याचाच जास्त. आता बेसवर किती वेळा पोचला ते मोजा: ‘अ’ ५२० पैकी १७० वेळा, म्हणजे ०.३२७. ‘ब’ ५९० पैकी २२५ वेळा, म्हणजे ०.३८१. ‘ब’ बराच सरस निघाला, आणि तो स्वस्तात मिळतो!

असा खरा ‘ब’ रॉथ येण्याआधीच रिकीच्या संघात होता. एडी स्टँकीची फलंदाजी साधारण, वेगही साधारण. १९४५ मध्ये त्याने १४८ वॉक मिळवले आणि लीगमध्ये सगळ्यात जास्त, १२८ रन केले. ‘लाइफ’मधल्या लेखात रिकीने बेसवर पोचण्याचं हेच प्रमाण फॉर्म्युल्यात सगळ्यात पुढे ठेवलं, आणि क्षेत्ररक्षण आकड्यांत पकडता येत नाही हेही कबूल केलं. बेसबॉलने हे प्रमाण अधिकृत आकडेवारीत घेतलं ते १९८४ मध्ये. तीस वर्षांनी!

जॅकी रॉबिन्सन

रिकीचं नाव आज जगाला माहीत आहे ते मात्र वेगळ्या कारणाने. मेजर लीगमध्ये तेव्हा कृष्णवर्णीय खेळाडूंना अलिखित बंदी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये रिकीने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध केलं, आधी मॉन्ट्रियलच्या संघात खेळवलं आणि १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला.

हे माणुसकीपोटी केलं की धंद्यापोटी? रिकी कॉलेज संघाचा कोच असताना चार्ल्स थॉमस या त्याच्या कृष्णवर्णीय खेळाडूला साउथ बेंडच्या हॉटेलने खोली नाकारली होती. रिकीने त्याला स्वतःच्या खोलीत झोपवलं आणि ही घटना तो आयुष्यभर सांगत राहिला. दुसऱ्या बाजूने, सोळा संघांच्या बाजारात एवढी मोठी गुणवत्ता कोणी विकतच घेत नव्हतं, हे दिसायला फॉर्म्युला लागत नव्हता. मला दोन्ही कारणं खरी वाटतात. खटकतं ते एवढंच की रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळत होता, त्या संघाला रिकीने एक डॉलरही दिला नाही. आणि मैदानात शिव्या, धमक्या सोसल्या त्या रॉबिन्सनने.

पुन्हा गरिबांच्या संघात

भागीदार वॉल्टर ओमॅलीशी बिनसल्यावर रिकीने १९५० मध्ये आपला हिस्सा विकला आणि तो पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेला. पुन्हा लहान शहर, पुन्हा रिकामी तिजोरी. १९५२ मध्ये संघ १५४ पैकी ११२ सामने हरला. त्यांच्याकडे एकच स्टार होता, सलग सात वर्षं लीगमध्ये सर्वाधिक होमरन मारणारा (त्यातली तीन वर्षं बरोबरीने) राल्फ कायनर. रिकीने त्याचा पगार कापला. युक्तिवाद असा, की तू असतानाही आपण शेवटचे आलो, तुझ्याशिवायही येऊच. १९५३ च्या जूनमध्ये कायनरलाही विकलं. प्रेक्षक भडकले, आणि त्यांचं काही चूक नव्हतं, तिकीट काढून बघावं असा तो एकच होता.

त्या पडत्या काळात रिकी तरुण पोरं जमवत होता. डिक ग्रोट, बिल मॅझेरोस्की, एल्रॉय फेस. आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये तर कमालच झाली. नियम असा होता की चार हजार डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेल्या नव्या खेळाडूला खालच्या लीगमध्ये ठेवलं, तर दुसरा संघ त्याला ड्राफ्टमध्ये उचलू शकतो. डॉजर्सने दहा हजार बोनस दिलेला पोर्तो रिकोचा २० वर्षांचा रॉबर्टो क्लेमेंटे मॉन्ट्रियलमध्ये जवळजवळ बेंचवरच होता. रिकीचा स्काउट क्लाइड सुकफोर्थ तिथे गेला होता दुसऱ्याच एका पिचरला बघायला, आणि त्याची नजर सरावात चेंडू फेकणाऱ्या क्लेमेंटेवर खिळली. पायरेट्स शेवटचे आले होते, म्हणून ड्राफ्टमध्ये पहिला नंबर त्यांचाच. किंमत चार हजार डॉलर. क्लेमेंटेने पुढे त्यांच्यासाठी बरोबर ३,००० हिट मारले.

रिकीला हे फळ चाखायला मिळालं नाही. सलग चार वर्षं शेवटचा नंबर आल्यावर १९५५ मध्ये त्याला जनरल मॅनेजरपद सोडावं लागलं. १९६० मध्ये पायरेट्सने श्रीमंत न्यूयॉर्क यांकीजना हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली, शेवटच्या सामन्यात मॅझेरोस्कीच्या होमरनवर. नोव्हेंबर १९६५ मध्ये मिसुरीतल्या कोलंबिया गावी एका सत्कारात भाषण करता करता रिकी कोसळला आणि ९ डिसेंबरला गेला.

त्याचे टाइप केलेले स्काउटिंग रिपोर्ट अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत, फोनवरही उघडतात. त्यात जानेवारी १९५५ चा क्लेमेंटेवरचा रिपोर्ट जरूर शोधा. फेक त्याला फार आवडली आहे. पळण्याची पद्धत मात्र वाईट, वेग सरासरीपेक्षा जेमतेम बरा, आणि त्या वर्षी तरी मेजर लीगमध्ये याचा काही उपयोग होणार नाही, असं रिकीचं मत. नियमाप्रमाणे क्लेमेंटेला पूर्ण मोसम संघात ठेवावंच लागणार होतं. १९५५ ला त्याचं ॲव्हरेज आलं ०.२५५.