बालगंधर्व आणि रात्रभराचे नाटक



मागील घटकात आपण किर्लोस्करांपासून देवलांपर्यंतच्या संगीत नाटकाचा परिचय करून घेतला. तो परिचय मुख्यतः संहितांचा होता. परंतु संगीत नाटक ही केवळ वाचावयाची वस्तू नव्हती. ती एक संपूर्ण रात्र होती. तिकीट काढून, ठेवणीतले कपडे घालून, पानाचा डबा जवळ घेऊन घराबाहेर काढलेली रात्र. मराठी माणसाला अशा रात्रीची जी चटक लागली, तिच्या केंद्रस्थानी सुमारे पंचवीस वर्षे एकच व्यक्ती होती : नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. या घटकात त्यांचे चरित्र पाहताना नाटकाच्या रात्रीवर आपली नजर ठेवू. कारण या माणसाचे वैभव त्या रात्रींनी घडवले आणि त्याचे कर्जही त्याच रात्रींनी वाढवले.

५.१ नारायण ते शकुंतला

राजहंस घराणे कृष्णाकाठच्या नागठाण्याचे. नारायणाचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. घरात सुबत्ता नव्हती, गाण्याचे वेड मात्र होते. लहान वयात पुण्यात लोकमान्य टिळकांसमोर गायचा योग आला आणि त्यांनी कौतुकाने या मुलाला बालगंधर्व म्हटले, अशी हकिकत सर्वत्र सांगितली जाते. नाव जन्मभर चिकटले. पुढे साठी उलटली, केस पांढरे झाले, तरी महाराष्ट्राच्या लेखी ते बालच राहिले.

दुसरा मोठा आधार कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. नारायणाच्या कानाला दोष होता. गाणाऱ्याला ऐकू कमी येणे म्हणजे सारेच संपल्यासारखे. महाराजांनी मिरजेच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार करविले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीत त्याचा प्रवेशही घडवून आणला. १९०५ साली मिरजेस 'शाकुंतला'त तो शकुंतला म्हणून उभा राहिला. हीच मंडळी १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी याच नाटकाने नावारूपाला आणली होती. तिच्यातील लाडके स्त्रीपार्टी भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले होते आणि मंडळीला त्यांच्या जागी कोणीतरी हवे होते. सतरा वर्षांच्या नारायणावर एवढा भार पडला आणि त्याने तो पेलला.

आजच्या वाचकाला पुरुषाने स्त्रीची भूमिका करणे विचित्र वाटेल. तेव्हा प्रतिष्ठित घरातील स्त्रीने रंगभूमीवर येणे समाजाला मान्य नव्हते, त्यामुळे स्त्रीपार्ट ही गरजच होती. बालगंधर्वांनी त्या गरजेचे आदर्शात रूपांतर केले, हे त्यांचे वैशिष्ट्य. त्यांचे बसणे, मान वेळावणे, पदर सावरणे पाहून घरोघरच्या स्त्रिया तशी लुगडी नेसू लागल्या, तसा अंबाडा घालू लागल्या. पुरुषाने रंगविलेले स्त्रीरूप स्त्रियांनीच अनुकरणीय मानावे, या घटनेकडे कौतुकाने पाहावे की चिंतेने, हा प्रश्न तुम्ही स्वतःशी जरूर धरून ठेवा. प्रस्तुत लेखकाला वाटते, दोन्ही नजरा हव्यात.

५.२ एका रात्रीचा अनुभव

आता थोडे कल्पनेने त्या काळात चला. साल १९२०च्या आसपासचे. गावात गंधर्व नाटक मंडळीचा मुक्काम पडला आहे. जाहिरातीची पत्रके वाटली गेली आहेत. 'स्वयंवर' लागले आहे.

रात्री नऊ-साडेनऊचा सुमार. नाट्यगृहाबाहेर टांगे, बैलगाड्या. जवळच्या खेड्यांतून शिदोरी घेऊन आलेली मंडळी. आत पुढे खुर्च्या, मागे बाके, त्यामागे पिट. स्त्रियांसाठी बसण्याची वेगळी व्यवस्था. ज्याच्या खिशात जितके, तितके अंतर रंगमंचापासून. पण सूर मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. लक्षात घ्या, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हता. गायकाच्या छातीत जेवढे बळ, तेवढाच नाट्यगृहाचा विस्तार.

प्रेक्षागृहात अत्तराचा दरवळ असे. प्रेक्षक हे आपले मायबाप, त्यांच्या पाहुणचारात काही उणे पडू नये, अशी बालगंधर्वांची भावना होती. तिसरी घंटा होई, नांदी सुरू होई, पडदा वर जाई आणि काही वेळाने भरजरी शालूतली रुक्मिणी प्रवेश करी. ऑर्गनचा भरीव सूर, सारंगीवर कादरबक्ष, आणि पुढील काळात तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. एखाद्या मैफलीलाही हेवा वाटावा असा हा साथसंगतीचा संच नाटकाच्या तिकिटात ऐकायला मिळे. ज्यांना दरबारी बैठकीच्या उंबऱ्यापर्यंतही कोणी येऊ दिले नसते, अशा कारकुनांनी, शाळामास्तरांनी, दुकानदारांनी यमन, भीमपलास, बागेश्री हे राग येथे ऐकले. त्यांना रागाचे नाव ठाऊक नसे. चाल मात्र दुसऱ्या दिवशी ओठांवर असे.

एखादे पद रंगले की 'वन्स मोअर'चा गजर होई. बालगंधर्व तो नाकारीत नसत. तेच पद पुन्हा, पण निराळ्या तऱ्हेने. तिसऱ्यांदा मागणी आली तर तिसऱ्यांदा. त्यामुळे नाटक केव्हा संपेल याचा नेम नसे. मध्यंतरात चहा, विडी, पानसुपारी आणि ऐकलेल्या पदांवर तावातावाने वाद. पहाटे तीन-चारला पडदा पडे. तेवढ्या अंधारात घराकडे चालत जाणारे लोक पदे गुणगुणत असत आणि काही तासांनी तेच लोक तांबारलेल्या डोळ्यांनी कचेरीत हजर होत.

तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर नोकरी करून रात्री अभ्यास करता. दिवसभराच्या श्रमानंतरची रात्र किती मोलाची असते, हे तुम्हांला समजावून सांगण्याची गरज नाही. ती रात्र हजारो माणसे स्वखुशीने ज्याच्या हाती सोपवीत, त्याच्यावर केवढी जबाबदारी येत असेल, याचा विचार करून मगच पुढील प्रसंग वाचा.

५.३ १२ मार्च १९११

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान' या नाटकाचा मुंबईतील पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी ठरला होता. गोविंदराव टेंबे यांच्या नव्या, पूर्वेकडच्या ढंगाच्या चालींमुळे उत्सुकता शिगेला पोहोचली होती. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. मंडळीतील लोकांनी प्रयोग पुढे ढकलण्याचे सुचविले. बालगंधर्वांनी ते मानले नाही. लोक आले आहेत, त्यांचा विरस होता कामा नये, हीच त्यांची भूमिका. त्या रात्री त्यांनी भामिनी उभी केली. हट्टी, श्रीमंतीच्या तोऱ्यातली, हसरी भामिनी. 'मानापमान' गाजले.

या प्रसंगाचे वर्णन बहुधा कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून केले जाते. तसे ते आहेच. परंतु विंगेपलीकडे, घरी, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या रात्री कशा असतील, हे कोणत्याही नाट्येतिहासात फारसे येत नाही. नाटकाच्या रात्रीची किंमत केवळ तिकिटाच्या दराने मोजता येत नाही, एवढे येथे नमूद करून पुढे जाऊ.

५.४ मंडळी, वैभव आणि देणी

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. गुरू भास्करबुवा बखले यांनी 'स्वयंवरा'ला (१९१६) चाली दिल्या आणि नाट्यसंगीत ख्यालगायकीच्या अगदी निकट गेले. १९१९ मध्ये राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. गडकरी ते पाहण्यास हयात नव्हते, त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा मृत्यू झाला होता. शालू आणि दागिन्यांची रुक्मिणी पाहायला सरावलेल्या प्रेक्षकांसमोर बालगंधर्व जात्यावर दळण दळणारी, दारुड्या नवऱ्याची सिंधू होऊन आले. प्रेक्षक रडले आणि पुन्हा रडायला पुन्हा तिकीट काढून आले. करमणुकीच्या रात्रीत एवढे दुःख लोक पैसे मोजून का घेतात, हा काव्यशास्त्रातील करुणरसाचा जुना प्रश्न. तो तुम्ही पहिल्या वर्षी अभ्यासला आहे. सिंधू हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

पुढच्याच वर्षी 'द्रौपदी' आले. मयसभेचा देखावा डोळे दिपवील असा उभारण्यासाठी बालगंधर्वांनी पाण्यासारखा पैसा ओतला. नाटक अपेक्षेइतके चालले नाही. मंडळी आधीच देण्यात होती, आता कर्ज डोईजड झाले. हिशोब हा बालगंधर्वांचा प्रांतच नव्हता. पडदे, मखमल, अत्तर, उंची वस्त्रे, साथीदारांचे पगार, मुक्कामातील शंभरावर माणसांच्या जेवणावळी या कशातही त्यांनी हात आखडता घेतला नाही. चाहत्यांनी वर्गणी काढून कर्ज फेडण्याची तयारी दाखविली, ती त्यांनी नाकारली. गाऊन फेडीन, हा त्यांचा निश्चय. त्याप्रमाणे अनेक वर्षे गावोगाव प्रयोग करून त्यांनी ते बव्हंशी फेडलेही. येथे त्यांच्या स्वभावाचे दोन्ही पैलू दिसतात : ज्या उधळपट्टीने ते बुडाले तिच्यामागेही प्रेक्षकच होता आणि ज्या कष्टाने ते वर आले त्यामागेही तोच.

याच काळातील एक रात्र मराठी रंगभूमीच्या इतिहासात वेगळी काढून ठेवावी अशी आहे. ८ जुलै १९२१. मुंबईचे बालीवाला नाट्यगृह. गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी एकत्र येऊन टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता. त्या काळी अनेकांना तेवढे पैसे मिळवायला काही महिने लागत. तरीही जागा उरली नाही. दोन्ही बाजूंचे चाहते आपलाच गायक वरचढ ठरावा म्हणून जमले होते. धैर्यधराच्या तडफदार तानेला भामिनीचे लडिवाळ उत्तर आणि पुन्हा प्रत्युत्तर, अशी ती रात्र चढत गेली. कोण जिंकले, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले.

५.५ रात्र ओसरते

१९३१ मध्ये 'कान्होपात्रा' रंगभूमीवर आले. त्याच वर्षी 'आलम आरा' हा बोलपट झळकला आणि १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'ने मराठी पडदाही बोलू लागला. दोन-अडीच तासांत संपणारी, थोड्या आण्यांत मिळणारी, दिवसातून अनेकदा दाखवता येणारी ही नवी करमणूक होती. रात्रभर चालणाऱ्या, शंभर माणसांचा लवाजमा घेऊन हिंडणाऱ्या नाटकाला तिच्याशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. शिवाय स्त्रिया आता स्वतः रंगमंचावर येऊ लागल्या होत्या. हिराबाई बडोदेकरांनी ती वाट धीटपणे चालून दाखविली होती. स्त्रीपार्टाची गरजच संपत चालली.

बालगंधर्वांनीही चित्रपटाकडे वळून पाहिले. प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) मध्ये त्यांनी एकनाथांची भूमिका केली. या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते, ते सेन्सॉरमुळे बदलावे लागले. पण कॅमेऱ्यासमोर टाळी नव्हती, 'वन्स मोअर' नव्हता, एकच ओळ तुकड्यातुकड्यांनी म्हणावी लागे. ते फार काळ रमले नाहीत आणि पुन्हा रंगभूमीकडे आले. तोवर शरीर स्थूल झाले होते, वय लपत नव्हते. टीकाकारांनी लिहिले की गाणे नाटकाला गिळून टाकते आहे. ते खोटे नव्हते. पण डोळे मिटून ऐकणाऱ्या रसिकांची अजूनही वाण नव्हती.

गौहर कर्नाटकी या गायिका त्यांच्या मंडळीत आल्या आणि पुढे त्यांच्या सहचारिणी झाल्या. लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, १९५१ साली दोघांचा विवाह झाला. या संबंधावरून त्यांना जवळच्या माणसांचाही रोष पत्करावा लागला. उतारवयात पाय अधू झाले. जे पाऊल टाकण्याची ढब स्त्रिया शिकत, ते पाऊलच उचलेना. बसल्या जागी भजने गाणे तेवढे राहिले. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा सन्मान आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्या १९६४ सालीच गौहरबाई गेल्या. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचे निधन झाले.

पुण्यात मुठेच्या काठी त्यांच्या नावाचे रंगमंदिर बांधण्याचे ठरले, तेव्हा ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याची कोनशिला खुद्द त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली होती. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जयंतीदिनी, ते रंगमंदिर प्रेक्षकांसाठी उघडले. तेथे गोपाळ देऊसकरांनी रंगविलेली त्यांची दोन मोठी चित्रे आहेत : एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीभूमिकेतले. पुण्यास जाणे झाले, तर एखाद्या रात्रीच्या प्रयोगाचे तिकीट काढा आणि घंटा होण्याआधी थोडे लवकर जाऊन ती दोन्ही चित्रे पाहा.