कॉलेजचे दार उघडणारे कर्मवीर

माझा बारावीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मुकादम आमच्या घरी आला. आमचे गाव पाथर्डी तालुक्यातले. दसरा झाला की निम्मे गाव ऊसतोडीला जाते आणि पट्टा पडेपर्यंत कोप्यांत राहते. आईवडिलांची उचल ठरलीच होती. मलाही अर्धा कोयता म्हणून धरावे, म्हणजे उचल वाढेल, असे मुकादमाचे म्हणणे होते. माझ्या मनात मात्र कॉलेजचा फॉर्म होता. आमच्या घराण्यात कोणीही कॉलेजची पायरी चढलेले नव्हते.

शिकून काय होणार, असे वडिलांनी विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. शाळेत कर्मवीर जयंतीला मी दोनदा भाषण केले होते, तेवढेच आठवले. म्हणून त्या रात्री मी त्यांना कर्मवीर भाऊराव पाटलांचे चरित्र सांगितले. तेच येथे थोडक्यात लिहीत आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आले व जैन बोर्डिंगात राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांचे कार्य त्यांनी तेथे जवळून पाहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर अंघोळ करून शुद्ध होण्यास त्यांनी साफ नकार दिला, आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. अभ्यासातही त्यांची गाडी पुढे सरकली नाही. मॅट्रिकची परीक्षा ते कधीच पास झाले नाहीत.

पुढे पोटासाठी ते किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात पाटी-पुस्तक नाही, हे त्यांनी या फिरतीत पाहिले. सत्यशोधक विचारांचा संस्कार त्यांच्यावर झालेला होताच. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि पडेल ते काम स्वतःच करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

मुलांच्या पोटापाण्याचा प्रश्न मात्र सुटत नसे. घरात दाणा उरला नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी एकेक दागिना मोडला आणि शेवटी गळ्यातले मंगळसूत्रही दिले. हे सांगत असताना चुलीपुढे बसलेल्या माझ्या आईने भाकरी थापायची थांबवून माझ्याकडे पाहिले.

१९४७ साली भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. गरिबाच्या मुलाने कष्ट करावेत आणि त्या कष्टावर पदवी घ्यावी, ही कमवा व शिका योजना तेथे कॉलेजपर्यंत पोचली. १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज निघाले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही सन्माननीय पदवी दिली. भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे संस्थेची कॉलेजे आपल्या जिल्ह्यातही श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत येथे निघाली.

सगळे ऐकून झाल्यावर वडिलांनी एकच विचारले, की तो माणूस स्वतः किती शिकला होता? मॅट्रिकसुद्धा नाही, असे मी सांगितले. वडील बराच वेळ गप्प राहिले. सकाळी त्यांनी मुकादमाला एकाच कोयत्याची उचल सांगितली आणि माझ्याबरोबर कॉलेजात आले. फॉर्मवर पालकाच्या सहीच्या जागी त्यांनी अंगठा उठवला.

त्या वर्षी उचल कमी पडली. घरावरचे पत्रे बदलायचे राहिले, ते अजूनही राहिलेलेच आहेत. पावसात घर गळते तेव्हा माझ्या शिक्षणाची किंमत मला दिसते. आज मी कमवा व शिका योजनेत ग्रंथालयात काम करतो. विद्यापीठाने या योजनेला कर्मवीरांचेच नाव दिले आहे.

ज्याला स्वतःला दाराबाहेर राहावे लागते, त्याला त्या दाराचे मोल अधिक कळते, असे मला वाटते. भाऊराव तसे होते. अंगठा उठवणारे माझे वडीलही त्याच वाटेचे वारकरी आहेत. माझी धाकटी बहीण यंदा नववीत आहे. मुकादम तिच्याबद्दलही एक दिवस विचारील. तेव्हा वडिलांना एकट्याने उत्तर द्यावे लागू नये, एवढे झाले तरी जयंतीला केलेली माझी भाषणे सार्थकी लागली असे मी समजेन. कर्मवीरांना माझे विनम्र अभिवादन!