पाट्या वाचणारे अण्णाभाऊ

मी कॉन्व्हेंटवाला. मराठी जोडाक्षराला अजून अडखळतो, आणि विंगमध्ये त्यावर हसतात. म्हणूनच अण्णाभाऊ साठे मला जवळचे वाटतात.

१ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात त्यांचा जन्म झाला. नाव तुकाराम. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. (त्यामुळे सातारकर-सांगलीकर रूममेटांनी भांडू नये!) मांग समाजातलं पोर, शाळा म्हणे जेमतेम दीड दिवस. पुढे घरच्यांबरोबर पायी मुंबई गाठली. तिथे पडेल ती मजुरी केली आणि दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं जुळवली. आपण त्याच पोस्टरांकडे फक्त हिरोईन बघतो!

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात कम्युनिस्ट कार्यकर्ते भेटले, म्हणजे वाचणारी, वाद घालणारी माणसं मिळाली. मला वाटतं खरी शाळा हीच. गॉर्की त्यांना फार आवडे. १९४४ मध्ये अमर शेख, द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पोवाडे, लावण्या, कथा, तीसहून जास्त कादंबऱ्या. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. एवढं होऊनही बरीच वर्षं घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच काढली. १८ जुलै १९६९ ला गेले, वय फक्त ४८.

सध्या आमच्या रूमवर ‘फकिरा’ चालू आहे. मी मोठ्यानं वाचतो, अडलो की वाळव्याचा रूममेट शब्द सांगतो. दोघेच आहोत. मेसनंतर कोणी येणार असेल तर दार उघडंच असतं.