फियाटच्या आधी कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ बनायच्या, त्या आणल्या होत्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी

मुंबईची टॅक्सी म्हटलं की आजही डोळ्यासमोर काळी-पिवळी पद्मिनी येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सोशल मीडियावर तिच्या फोटोंचा पाऊस पडला होता. पण ही गाडी ज्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, तिथून सुरुवातीला बाहेर पडलेल्या गाड्या फियाटच्या नव्हत्याच. त्या होत्या अमेरिकन. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो.

आज व्हिंटेज रॅलीत यातली एखादी गाडी उभी असली की तिच्याभोवती हमखास वाद रंगतो. काही शौकीन म्हणतात, ही कसली डॉज, ही तर प्लिमथच, फक्त नाव बदललेलं. दुसरे म्हणतात, नाव काहीही असू दे, आपल्या रस्त्यांवर एवढी दणकट गाडी पुन्हा झाली नाही. शिवाय तिसरा प्रश्न असतोच. अमेरिकेतून सुटे भाग आणून इथं जोडलेल्या गाडीला भारतीय म्हणायचं का?

या वादाचं उत्तर मिळवायचं तर आधी गाडी आणणाऱ्या माणसाची गोष्ट माहीत पाहिजे.

सोलापूरचा रेल्वे कंत्राटदार

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातचं, दिगंबर जैन, व्यापार आणि सावकारीतलं. पण सोलापुरात वाढल्यामुळं मराठी घरच्यासारखीच. शिक्षण मुंबई-पुण्यात झालं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरच्या धंद्यातही मन रमेना.

त्याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, नंतर कंत्राटं घ्यायला लागले होते. कामाची माहिती फाटकांकडं आणि भांडवल उभं करण्याची ताकद वालचंदांकडं. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं काम घेतलं. तिथून सुरू झालेला प्रवास पुढं बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपर्यंत आणि १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीपर्यंत गेला.

पण वालचंदांचं डोकं एका धंद्यात थांबणारं नव्हतं. १९१९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून इंग्लंडला निघाली. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो तो त्यामुळंच. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला संपवायचा प्रयत्न केला, तरी ती टिकली.

या अनुभवातून वालचंदांना एक गोष्ट कळली होती. इंग्रज सरकारला भारतीयांनी माल विकलेला चालत होता, यंत्र बनवलेलं मात्र खुपत होतं.

गाडीचं स्वप्न मुळात कुणाचं?

त्या काळात भारतात अमेरिकन गाड्या नव्या नव्हत्या. जनरल मोटर्सनं १९२८ मध्येच मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना टाकला होता. खोक्यांत भरून सुटे भाग यायचे, इथले कामगार ते जोडायचे आणि शेव्हरले रस्त्यावर यायची. ब्रिटिशांचं राज्य असूनही इथल्या श्रीमंतांमध्ये अमेरिकन गाड्यांना मागणी मोठी होती. कारण साधं होतं. या गाड्या जमिनीपासून उंच, इंजिन मोठं आणि खडबडीत रस्त्यावर लांबच्या प्रवासाला दमदार.

पण त्यात भारतीयांच्या वाट्याला फक्त जोडणी होती. गाडी इथंच बनवण्याची पक्की योजना मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. १९३५ मध्ये ते युरोप-अमेरिकेत जाऊन मोटार कारखाने पाहून आले आणि मुंबई प्रांतात कारखाना काढण्याचा आराखडा तयार केला. हा आराखडा अमलात आणायला पुढं आले वालचंद. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि त्यांनीही योजनेला पाठिंबा दिला.

आता हवी होती तंत्रज्ञान देणारी परदेशी कंपनी. पहिली बोलणी झाली फोर्डशी. पण भारतातला फोर्डचा व्यवहार कॅनडाच्या फोर्ड कंपनीच्या अखत्यारीत होता. ही बोलणी फिसकटली. मग वालचंद क्रायस्लरकडं वळले आणि १९४० मध्ये करार झाला.

म्हणजे कुर्ल्यात डॉज आणि प्लिमथ आल्या त्या वालचंदांना त्या जास्त आवडायच्या म्हणून नाही. गाडी बनवायला शिकवण्याची तयारी क्रायस्लरनं दाखवली म्हणून.

करार झाला, परवानगी मिळेना

तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते, त्यामुळं प्रांतातला आधार गेला. केंद्रातल्या इंग्रज सरकारची भूमिका अशी होती की मोटार कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही, त्यामुळं त्यासाठी मदत मिळणार नाही. म्हैसूर संस्थान या योजनेत यायला तयार होतं, तर त्यांनाही मागं खेचलं गेलं.

गंमत बघा. युद्धात सैन्याला हजारो ट्रक लागत होते, ते परदेशातून येत होते. आणि ट्रक बनवायला तयार असलेल्या माणसाला सांगितलं जात होतं की तुझा कारखाना गरजेचा नाही.

वालचंद मात्र स्वस्थ बसले नाहीत. १९३९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यातल्या विमान प्रवासात त्यांची ओळख विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी झाली होती. त्या ओळखीतून आणि म्हैसूर संस्थानाच्या साथीनं डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. आजची एचएएल ती हीच. पाठोपाठ जून १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला गेला. जपान युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये सरकारनं विमान कारखाना आपल्या ताब्यात घेतला.

म्हणजे विमान आणि जहाज झालं, तरी मोटार अडकलेलीच.

अखेर कुर्ला

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. कारखान्यासाठी जागा निवडली ती मुंबईच्या उपनगरात, कुर्ल्याला. तेव्हाचा आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, हाताशी होता. रेल्वे जवळ आणि बंदरही फार लांब नव्हतं. अमेरिकेतून बोटीनं येणारी खोकी उतरवून आणायला हे सोयीचं होतं.

१९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असतानाच, कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडायला लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो आणि सोबत डॉज-फार्गोचे ट्रक.

आता शौकिनांचा पहिला आक्षेप. तो खरा आहे. क्रायस्लर परदेशी बाजारासाठी एकाच प्लिमथच्या सांगाड्यावर वेगवेगळी नावं आणि थोडी वेगळी सजावट चढवत असे. त्यामुळं डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या आतून प्लिमथच्याच बहिणी. तेच सहा सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगपाशी असलेला गिअर आणि पुढं सोफ्यासारखी सलग सीट.

पण दुसऱ्या गटाचं म्हणणंही खोटं नाही. या इंजिनाची रचना साधी होती, त्यामुळं ते गल्लीतल्या मेकॅनिकलाही उघडता यायचं. म्हणूनच पुढं अनेक गाड्या टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षं चालल्या. काहींची पेट्रोल इंजिनं काढून त्यात डिझेल इंजिनं बसवली गेली. आज मूळ इंजिनासह सापडणारी गाडी दुर्मीळ असण्याचं हेही एक कारण.

मग भारतीय म्हणायचं का?

सुरुवातीला ही गाडी निव्वळ जोडलेलीच होती. पण शिवडीत आणि कुर्ल्यात एक फरक होता. जोडणीवर थांबायचं नाही, हे कुर्ल्यात पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. १९४९ पासून प्रीमियरनं काही सुटे भाग इथंच बनवायला सुरुवात केली.

हा फरक लवकरच महत्त्वाचा ठरला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनं धोरण ठरवलं की जो टप्प्याटप्प्यानं गाडी इथं बनवेल त्यानंच राहायचं. जनरल मोटर्सनं पुढच्याच वर्षी शिवडीचं काम गुंडाळलं, फोर्डही गेली. प्रीमियर टिकली.

अमेरिकन गाड्या मात्र टिकल्या नाहीत. पेट्रोल जास्त पिणारी एवढी मोठी गाडी घेणारे लोक भारतात होतेच किती? प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी हात मिळवला, १९५४ पासून फियाट ११०० आली आणि पुढं तिचीच पद्मिनी झाली. क्रायस्लरच्या गाड्या मागं पडल्या, ट्रक काही काळ चालत राहिले.

ते पाहायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते कामातून बाजूला झाले. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं. प्रीमियरची धुरा त्यांचे भाऊ लालचंद यांच्याकडं गेली.

आज कुर्ल्यात कारखाना नाही, प्रीमियर रोड हे नाव तेवढं उरलंय. रॅलीतल्या त्या डॉजवर शौकीन वाद घालत राहतील. गाडी म्हणून ती प्लिमथच होती, हे मान्य करायला हरकत नाही. पण तिच्यावर हात बसवलेल्या कामगारांनीच पुढं फियाट बनवली. वालचंदांना क्रायस्लरकडून हवं होतं ते एवढंच.