पाया घालणारा मॉरिस

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलचे नाव निघाले की पुष्कळांना व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतला कुबडा आठवतो. मला आठवतो तो मॉरिस द सुली. ल्वार नदीकाठच्या सुली गावी, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, एका सामान्य घरात तो जन्मला. विद्येच्या ओढीने पॅरिसला आला, धर्मशास्त्र शिकवू लागला, प्रवचनकार म्हणून नावाजला आणि ११६० साली तेथला बिशप झाला. कुळाला मान असणाऱ्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

सीन नदीतील बेटावरचे जुने चर्च पाडून त्याने ११६३ च्या सुमारास नवे बांधावयास घेतले. सामान आणण्यासाठी घरे हटवून रुंद रस्ता काढला. टोकदार कमानी आणि दगडी फासळ्या यांच्या योगाने छताचा भार खांबांवर उतरला. छत सुमारे ३३ मीटर उंच गेले. बाहेरून कमानींचे टेकू मिळाल्यावर भिंतींत मोठ्या खिडक्या ठेवता आल्या आणि आत उजेड आला. ११८२ मध्ये मुख्य वेदीचा समर्पणविधी झाला.

एवढा खर्च कशासाठी, असे विचारणारेही होतेच. खुद्द त्याच कॅथीड्रलचा गायनप्रमुख पीएर याने अशा डामडौलाच्या बांधकामांवर टीका केली. गरिबांचा विचार करता ती टीका मला अगदीच गैर वाटत नाही. पण मॉरिसने आजारी गोरगरिबांच्या रुग्णालयाची पुनर्बांधणीही हाती घेतली, हे विसरून चालणार नाही.

११९६ साली तो वारला. दर्शनी मनोरे तेव्हा उभे नव्हते; ते तेराव्या शतकाच्या मध्यास पुरे झाले. छपराच्या शिशासाठी मात्र तो मृत्युपत्रात पैसे ठेवून गेला होता.

१५ एप्रिल २०१९ रोजी ते शिशाचे छप्पर आगीत गेले. खालचे दगडी छत बव्हंशी तगले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल पुन्हा उघडले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. पदवी मिळताच फळ हाती यावे, अशी घरच्यांची अपेक्षा आणि माझीही घाई. मॉरिसचे चरित्र वाचल्यापासून ती घाई थोडी ओसरली आहे. आपल्या हयातीत पुरे होणार नाही, म्हणून त्याने पाया लहान घातला नाही.