पेशींना घर देणाऱ्या शास्त्रज्ञ : डॉ. कमल रणदिवे



मुलगी हुशार निघाली की तिने पुढे काय शिकावे, याची चर्चा प्रत्येक घरात होते. सुमारे ९० वर्षांपूर्वी पुण्यातील समर्थांच्या घरातही ती झाली. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असत. सर्व मुलांना, विशेषतः मुलींना, उत्तम शिक्षण मिळावे असा त्यांचा आग्रह होता. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, असे त्यांच्या मनात होते. मुलीने मात्र वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडले. वडिलांनी तिची निवड मान्य केली. ही मुलगी म्हणजे भारतातील पेशीसंवर्धनाचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. आईचे नाव शांताबाई. शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या आणि १९४३ साली एम.एस्सी. झाल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि त्यांतील गुणसूत्रे. परसातल्या सीताफळ-रामफळाच्या पेशी पाहण्यापासून सुरू झालेली ही वाट पुढे कर्करोगाच्या संशोधनापर्यंत गेली.

१९३९ साली त्यांचे लग्न जयसिंग रणदिवे यांच्याशी झाले. ते गणिती होते. पत्नीचे शिक्षण लग्नानंतर थांबू नये म्हणून त्यांनी मनापासून साथ दिली. संसार मुंबईत थाटला. तेथे टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कमलताईंनी काम सुरू केले. खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे आद्य पुरुष मानले जातात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली कमलताईंना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. स्तनाचा कर्करोग कसा होतो, त्यात आनुवंशिकतेचा, शरीरातील संप्रेरकांचा आणि विषाणूंचा वाटा किती, हे त्या उंदरांच्या निरनिराळ्या वाणांवर अभ्यासत होत्या.

पुढे फेलोशिप मिळून त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या गाठीतील पेशी शरीराबाहेर कायमच्या वाढू लागल्या. हिला या नावाने त्या आज जगभर आहेत. पेशी घेताना त्या स्त्रीला विचारलेही गेले नव्हते, हेही आपण लक्षात ठेवले पाहिजे.

शरीराबाहेर पेशी जगवणे सोपे नाही. शरीरात रक्त प्रत्येक पेशीपर्यंत अन्न आणि प्राणवायू म्हणजे ऑक्सिजन पोहोचवते, घाण वाहून नेते. काचेच्या नळीत हे कोण करणार? गाय यांनी १९३३ च्या सुमारास यावर एक युक्ती काढली होती. नळ्या एका मोठ्या पिंपात आडव्या बसवून पिंप अगदी संथपणे फिरवत ठेवायचे. पेशी नळीच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या असत. नळी फिरली की त्या काही वेळ पोषक द्रवात बुडत, काही वेळ हवेत येत. आळीपाळीने अन्नही मिळे आणि ऑक्सिजनही. पेशीसंवर्धनात द्रवाइतकीच हवाही महत्त्वाची आहे, हा धडा त्या फिरत्या नळ्यांतच होता.

हे तंत्र शिकून कमलताई मुंबईला परतल्या. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आपल्या देशातील ही अशी पहिलीच प्रयोगशाळा मानली जाते. पोषक द्रव आणि इतर रसायने १९६० नंतरच्या वर्षांत त्यांच्या गटाने येथेच तयार केली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली आणि पेशीजीवशास्त्र, रोगप्रतिकारशास्त्र असे नवे विभाग सुरू केले. हीच संस्था पुढे नवी मुंबईत खारघर येथील ॲक्ट्रेकचा भाग झाली.

कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. रुग्णापासून मिळवलेले जंतू या केंद्रात वाढवण्याच्या १९५८ सालच्या प्रयत्नात त्या सहभागी होत्या. त्याच जंतूंपासून पुढे तेथे कुष्ठरोगावरील लस तयार झाली. त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

कमलताईंच्या वेळी पेटवलेला हा दिवा पुढच्या पिढ्यांनी कोठवर नेला, तेही पाहू. टोरोंटो येथे टिल आणि मॅकुलक या शास्त्रज्ञांनी १९६१ साली उंदराच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या मगजात, मूळपेशी असल्याचे दाखवले. मूळपेशी किंवा स्टेम सेल म्हणजे जणू पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेले बियाणे. त्यांच्यापासून रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी घडतात आणि तरीही बियाणे संपत नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांना आज याच पेशी देऊन वाचवता येते.

या मूळपेशी प्रयोगशाळेत वाढवताना एक अडचण ध्यानात आली. आपण श्वासात घेतो त्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. पेशी ३७ अंश उष्णतेच्या पेटीत ठेवतात. द्रवाची आम्लता स्थिर राहावी म्हणून त्या पेटीत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळतात. तरीही तेथे १८ ते २० टक्के ऑक्सिजन उरतो. अस्थिमज्जेत मात्र तो जेमतेम १ ते ६ टक्के असतो. खोल सावलीत वाढणाऱ्या रोपाला भर उन्हात आणून ठेवावे, तशी ही गत आहे.

कमी ऑक्सिजनमध्ये पेशी जगतात कशा? ऊर्जा मिळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग ऑक्सिजन वापरतो. त्यात पेशीतील तंतुकणिका साखरेच्या एका रेणूपासून ऊर्जेच्या सुमारे ३० पुड्या बनवतात. दुसऱ्या मार्गाला ऑक्सिजन लागत नाही. त्यात दोनच पुड्या मिळतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होते. घाट धावत चढताना आपल्या पायांचे स्नायूही या दुसऱ्या मार्गाचा आधार घेतात. मज्जेतील शांत बसलेल्या मूळपेशी मुख्यतः याच मार्गावर राहतात. ऊर्जा कमी मिळते, पण त्यांची गरजही कमी असते. शिवाय ऑक्सिजन वापरताना तयार होणारे विध्वंसक कण कमी राहतात आणि गुणसूत्रांची हानी टळते. काचेतही ऑक्सिजन २ ते ५ टक्क्यांवर ठेवला तर अनेक प्रकारच्या मूळपेशी अधिक काळ वाढतात आणि उशिरा म्हाताऱ्या होतात, असे आढळले आहे.

ऑक्सिजन किती आहे, हे पेशीला कळते ते एका प्रथिनामुळे. ऑक्सिजन भरपूर असताना पेशी हे प्रथिन सतत मोडून टाकते. तो कमी झाला की प्रथिन टिकते आणि दुसऱ्या मार्गाची जनुके जागी करते. या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. यांपैकी सेमेंझा हे जॉन्स हॉपकिन्सचेच. कमलताई जेथे शिकल्या, तेथेच पुढे हे कोडे उलगडले.

कमलताईंचा विषय कर्करोगाच्या पेशींचा होता, मूळपेशींचा नव्हे. परंतु काचेतली पेशी शरीरातल्या पेशीसारखी वागते का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. हवा चुकली तर निष्कर्ष बाटलीबद्दल सांगतो, रोग्याबद्दल नाही. आणि उपचार करायचा असतो तो रोग्यावर.

१९७३ साली कमलताईंनी ११ सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. उतारवयातही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली. तो मुलूखही आपल्या जोयडासारखाच सह्याद्रीतला, भात आणि नाचणी पिकवणारा. पेशीला योग्य अन्न आणि हवा मिळाली पाहिजे हे जाणणाऱ्या बाईंनी मुलांच्या ताटातही तेवढ्याच बारकाईने पाहिले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, शाळेत करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. पाणी उकळून निववा, म्हणजे त्यात विरघळलेली हवा निघून जाईल. दोन पेल्यांत ते भरा. एकात भाताचे बी टाका, दुसऱ्यात गव्हाचे, आणि दोन्हींवर तेलाचा पातळ थर सोडा. रोज पाहून वहीत नोंद करा. भाताला कोंब फुटेल, पण मूळ खुरटेल. गहू बहुधा रुजणारच नाही. पाण्याखाली रुजणारे भाताचे बी ऑक्सिजनवाचूनही काही दिवस तग धरते. त्याचा मार्ग मूळपेशींहून थोडा वेगळा आहे, त्यात लॅक्टिक आम्लाऐवजी मुख्यतः अल्कोहोल तयार होते. पण अडचण तीच आणि उपायही त्याच जातीचा. आपल्या शेतातले हे रहस्य मुलांमुलींनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनीही तो पेला एकदा येऊन पाहावा. समर्थांच्या घरात झाली तशी चर्चा उद्या आपल्या घरी होईल, तेव्हा मुलीचे म्हणणे समजून घ्यायला तो उपयोगी पडेल.