आकाशाला मोजपट्टी देणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट

मंद दिसणारा तारा मुळातच मंद आहे, की तेजस्वी असूनही फार दूर आहे? जवळचे मोजके तारे सोडले, तर विसाव्या शतकाच्या प्रारंभी या प्रश्नाचे उत्तर खगोलशास्त्राकडे नव्हते. ते शोधण्याचा मार्ग हार्वर्ड वेधशाळेतील एका कर्णबधिर महिलेने दाखवला. हेन्रिएटा स्वॅन लेव्हिट हे त्यांचे नाव.

अमेरिकेतील लँकेस्टर येथे ४ जुलै १८६८ रोजी एका धर्मोपदेशकाच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८९२ मध्ये शिक्षण पूर्ण करून त्या हार्वर्ड वेधशाळेत विनावेतन काम करू लागल्या. याच काळात आजारपणामुळे त्यांची श्रवणशक्ती क्षीण होत गेली. आकाशाची छायाचित्रे टिपलेल्या काचा तपासण्यासाठी संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी तेथे महिला नेमल्या होत्या. लेव्हिट यांना पुढे या कामाचे तासाला ३० सेंट मिळू लागले.

त्यांच्याकडे रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचा शोध सोपवण्यात आला. वेधशाळेच्या पेरूतील केंद्रातून मॅगेलनी मेघांची छायाचित्रे येत असत. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथून लहान मॅगेलनी मेघ कधीच दिसत नाही. तो क्षितिजाखालीच राहतो. वेगवेगळ्या रात्रींच्या काचा ताडून पाहत लेव्हिट यांनी दोन्ही मेघांतील १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील १६ ताऱ्यांचा आवर्तकाल त्यांनी काढला, तेव्हा अधिक तेजस्वी ताऱ्यांचा आवर्तकाल अधिक मोठा असल्याचे त्यांच्या लक्षात आले. १९१२ मध्ये लहान मेघातील २५ ताऱ्यांवरून हा नियम पक्का झाला. हे सर्व तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असल्याने त्यांच्या तेजातील फरक खराच होता. हा निबंध मात्र पिकरिंग यांच्या नावाने निघाला; तो लेव्हिट यांनी तयार केल्याची नोंद त्यात होती.

हे तारे सेफीड प्रकारचे. त्यांच्या बाह्य थरांतील हेलियम उष्णता अडवून धरतो, तारा फुगतो. उष्णता निसटली की आकुंचन पावतो. मोठ्या, तेजस्वी ताऱ्याचे स्पंदन संथ असते. त्यामुळे आवर्तकालावरून खरे तेज कळते आणि ते दिसणाऱ्या तेजाशी ताडले की अंतर काढता येते. ज्या ताऱ्यावरून या प्रकाराला नाव मिळाले, तो वृषपर्वा समूहातील डेल्टा ५.३७ दिवसांत एक स्पंदन पूर्ण करतो. शरद ऋतूतील अंधाऱ्या रात्री तो सिंदीच्या उत्तर आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. १७८४ मध्ये त्याचे तेज बदलते हे ओळखणारे जॉन गुडरिक हेही कर्णबधिर होते, हा विलक्षण योगायोग.

या शोधाचा पाठपुरावा करण्याची संधी लेव्हिट यांना फारशी मिळाली नाही. ताऱ्यांच्या प्रती ठरवण्याचे दुसरे काम त्यांच्याकडे देण्यात आले आणि तेही त्यांनी चोख केले. २,४०० हून अधिक रूपविकारी तारे शोधणाऱ्या लेव्हिट १२ डिसेंबर १९२१ रोजी कर्करोगाने निधन पावल्या.

दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानी तारकासमूहातील तेजोमेघात एक सेफीड सापडला. लेव्हिट यांच्या नियमाने अंतर काढताच तो 'मेघ' आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका ठरला. १९२५ मध्ये स्वीडिश गणिती मिताग-लेफ्लर यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवण्याच्या हेतूने पत्र पाठवले. त्यांच्या निधनाची वार्ता त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरवताना शास्त्रज्ञ आजही सेफीड ताऱ्यांची हीच मोजपट्टी वापरतात.